छपाईआधीचे वाचक: स्वतः प्रकाशित करायच्या फॅन्टसी कादंबरीवर अभिप्राय कसा घ्यावा

कादंबरी लिहून झाली की बहुतेक नवे लेखक एकच गोष्ट करतात. पूर्ण पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपच्या तीन-चार ग्रुपवर टाकतात आणि खाली लिहितात, ‘वाचून नक्की कळवा, कशी वाटली ते.’ दोन दिवस अंगठे येतात, ‘मस्त’ आणि ‘शुभेच्छा’ येतात. महिन्याभराने एखादा मावसभाऊ म्हणतो, ‘सुरुवात जरा स्लो आहे.’ लेखक तेवढ्यावर पहिलं प्रकरण अर्धं कापतो आणि पुस्तक प्रेसला देतो. छापून आल्यावर अनोळखी वाचक जे सांगतात ते या पूर्ण काळात कुणीच सांगितलेलं नसतं.

यात वाचकांचा दोष नाही. चूक क्रमात आहे. कोणताही माणूस तुमची कादंबरी पहिल्यांदा एकदाच वाचतो. फॅन्टसीत तर हे पहिलं वाचनच सगळ्यात मोलाचं, कारण तुमच्या जगाचे नियम, तिथली नावं, तिथली जादू हे सगळं त्याला कोऱ्या मनाने समजतंय की नाही, हे फक्त तेव्हाच कळतं. दुसऱ्या वाचनात तो वाचक तुमच्या जगाचा रहिवासी झालेला असतो, त्याला काहीच अडत नाही. म्हणून पहिली वाचनं जपून, थोडीथोडी खर्च करायची. पुढचे सगळे टप्पे त्यासाठी आहेत.

टप्पा १: मसुदा वाचण्याजोगा करा

लिहून झाल्यावर निदान तीन आठवडे फाइल उघडू नका. मग एकदा सलग वाचा आणि वाचताना एक वही करा, जगाची वही. त्यात प्रत्येक कल्पित नाव, जागा, प्राणी, शस्त्र, हुद्दा यांची नोंद हवी. मराठीत या वहीचं काम जास्त असतं, ते असं.

समजा तुम्ही ‘धुकाट’ नावाचा प्राणी निर्माण केलात. तो धुकाट, ती धुकाट की ते धुकाट? दुसऱ्या प्रकरणात ‘धुकाट आला’ आणि अकराव्यात ‘धुकाट आलं’ असं झालं, तर वाचकाला दोन वेगळे प्राणी वाटतात. मग सामान्यरूप ठरवा: ‘धुकाटाने झडप घातली’ की ‘धुकाटने’? एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच. माणसांच्या नावांचंही हेच. शिवाय मुख्य पात्रांपैकी तिघांची नावं एकाच अक्षराने सुरू होत असतील तर आत्ताच बदला. संस्कृत वळणाची भारदस्त नावं लेखकाला वेगवेगळी वाटतात, वाचकाच्या डोळ्याला ती सारखीच दिसतात.

मापंही वहीत लिहा. तुमच्या जगात प्रहर आणि घटका असतील तर घटका म्हणजे २४ मिनिटं, प्रहर म्हणजे ३ तास, कोस म्हणजे साधारण ३ किलोमीटर. नायक अर्ध्या घटकेत पाच कोस धावला तर तो १२ मिनिटांत १५ किलोमीटर धावला. मराठीत हे शब्द माहीत असलेले वाचक अजून पुष्कळ आहेत आणि त्यांना हे खटकतं. त्याच प्रकरणात कुणी ‘दोन मिनिटं थांब’ म्हणत असेल तर तेही काढा.

*सावधान:* मसुदा जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केला असेल तर युनिकोडमध्ये आणताना अर्धा र बिघडतो. डोंगरदऱ्यांतून चाललेला घोडेस्वार ‘दर्यां’मधून जाऊ लागतो, म्हणजे थेट समुद्रातून. ‘दऱ्या’, ‘वाऱ्याने’, ‘किनाऱ्यावर’, ‘पायऱ्या’ हे शब्द शोधून एकेक तपासा. हे न केल्यास वाचकाचे निम्मे शेरे टायपिंगबद्दल येतील आणि कथेबद्दल लिहायचा त्याचा उत्साह तिथेच संपेल.

*आणखी एक:* या टप्प्यावर डीटीपी, म्हणजे छपाईसाठी पानांची मांडणी, करून घेऊ नका, मुखपृष्ठाचं चित्रही काढून घेऊ नका. अभिप्रायानंतर प्रकरणं सरकतात, पानं वाढतात-घटतात आणि मांडणीचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. त्याहून वाईट म्हणजे मांडणीवर पैसे गेलेले असले की लेखक योग्य सूचनासुद्धा टाळू लागतो.

टप्पा २: वाचक निवडा आणि चौघांना राखून ठेवा

एकूण दहा वाचक पुरतात. दोन चाचणीसाठी, चार पहिल्या फेरीसाठी, चार दुसऱ्या फेरीसाठी. दुसऱ्या फेरीच्या चौघांना तोपर्यंत एक ओळही दाखवायची नाही, कथासुद्धा सांगायची नाही. चहा पिता पिता ‘शेवटी राजाच खरा मांत्रिक निघतो’ असं तुम्ही बोलून गेलात की तो वाचक बाद झाला. लेखकांना हा संयम सगळ्यात जड जातो.

प्रत्येक फेरीत तीन प्रकारचे लोक हवेत.

पहिला प्रकार, इंग्रजीतून भरपूर फॅन्टसी वाचणारे. ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांत, बोर्डगेम खेळणाऱ्या मुलामुलींच्या गटांत असे चिकार सापडतात. त्यांना जादूच्या व्यवस्थेतली फट लगेच दिसते, कुठली कल्पना घासून गुळगुळीत झाली आहे हेही ते सांगतात. मराठी वाचायची सवय मात्र त्यांची तुटलेली असते. त्यांना एखादा शब्द कळला नाही म्हणून तो बदलायलाच हवा असं नाही.

दुसरा प्रकार, कसून मराठी कादंबऱ्या वाचणारे पण फॅन्टसीला हात न लावणारे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. अशा वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलाशी दर आठवड्याला पुस्तक बदलायला येणारे लोक हेच. वाशीच्या साहित्य मंदिरातल्या कार्यक्रमांनाही ते भेटतात. भाषेचा पोत, संवादातली कृत्रिमता, माणसांचं वागणं यावर त्यांचा कान तयार असतो. माझ्या मते मराठी फॅन्टसीला या वाचकांची सर्वांत जास्त गरज आहे, आणि नवे लेखक नेमके त्यांनाच टाळतात, ‘त्यांना असलं आवडत नाही’ म्हणून.

तिसरा प्रकार, तुमचं पुस्तक ज्या वयासाठी आहे त्या वयाचा वाचक. कुमारांसाठी लिहिलं असेल तर चौदा-पंधरा वर्षांची मुलं हवीत; त्यांच्या आईवडिलांशी आधी बोला आणि प्रत त्यांच्याच हातून द्या.

घरचे, जिवलग मित्र आणि ऑफिसातले हाताखालचे लोक या दहांत नकोत. आईला जरूर वाचायला द्या, पण तिचा शेरा मोजू नका.

वेळ बघून विचारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, मग गणपती, मग दिवाळीआधीचा पंधरवडा: या काळात ‘हो’ म्हणालेला माणूसही वाचत नाही. जून-जुलै किंवा दिवाळी झाल्यावरचे आठवडे बरे.

*तपासून पाहा:* विचारताना चार गोष्टी स्पष्ट सांगितल्या का? पानं किती, मुदत किती (८०,००० शब्दांना चार आठवडे ठीक), नेमकं काय करायचं आहे, आणि मध्येच सोडलं तरी चालेल, फक्त कुठे सोडलं ते सांगायचं. ही शेवटची गोष्ट तोंडाने बोला, गृहीत धरू नका. माणसं संकोचाने खोटं ‘वाचून झालं’ सांगतात.

टप्पा ३: पहिल्या तीन प्रकरणांची चाचणी

दोन वाचकांना फक्त पहिली तीन प्रकरणं द्या. शब्दसूची देऊ नका, नकाशा देऊ नका, पुस्तकाच्या पाठीमागच्या पानावरचा मजकूरही देऊ नका. वाचून झाल्यावर पुस्तक बंद करून त्यांना तीनच गोष्टी कागदावर लिहायला सांगा: आठवतील ती नावं, या जगात जादू कशी चालते, आणि पुढे काय होईल असं वाटतं.

नावांमध्ये मुख्य पात्राचं नाव चुकलं किंवा ‘तो तलवारवाला’ असं आलं, तर नावांची गर्दी झाली आहे. जादूचं उत्तर दोघांचं वेगवेगळं आलं, तर नियम तुमच्या वहीत आहे, पानावर नाही. पुढच्या घटनेबद्दल दोघांनाही काही अंदाज करता येत नसेल तर उत्कंठा तयार झालेली नाही. अंदाज चुकला तर काही बिघडत नाही, पण अंदाजच नसणं वाईट.

शब्दसूचीबद्दल अनेक जण वाद घालतात. पुस्तकात शेवटी हवी तर द्या. पण वाचक तिच्याशिवाय अडत असेल तर ती जोडून प्रश्न मिटत नाही, लोकलमध्ये उभ्याने वाचणारा माणूस शेवटचं पान उघडून बघत बसत नाही.

या दोघांच्या नोंदींवरून सुरुवात दुरुस्त केल्याशिवाय पुढच्या चौघांकडे जाऊ नका.

टप्पा ४: प्रत कोणत्या रूपात द्यायची

वाचकाला विचारा, तो कशावर वाचणार. बहुतेक जण फोनवर वाचतात, त्यातही ठाणे-वाशी गाडीत. ए-फोर आकाराची पीडीएफ फोनवर बोटाने सरकवत वाचावी लागते आणि तीन स्टेशनांत माणूस कंटाळतो. फोनसाठी ईपब द्या, अक्षर लहानमोठं करता येतं. कॉम्प्युटरवर वाचणाऱ्यांना गूगल डॉक्स ठीक. वडीलधाऱ्यांना झेरॉक्सच्या दुकानातून पाठपोट प्रिंट आणि स्पायरल बाइंडिंग करून द्या. समासाला दीड इंच जागा आणि ओळींत दीडपट अंतर ठेवा म्हणजे पेन्सिलने लिहिता येतं.

गूगल डॉक्स वापरताना तीन गोष्टी पाळा:

* प्रत्येक वाचकाची प्रत वेगळी. एकाच फाइलवर चौघं असले की पहिल्याने ‘इथे कंटाळा आला’ लिहिल्यावर उरलेल्या तिघांनाही तिथेच कंटाळा येतो.
* परवानगी ‘कमेंटर’ची द्या, ‘एडिटर’ची नाही. नाहीतर भाषाप्रेमी वाचक तुमची वाक्यं परस्पर बदलून मोकळे होतात.
* शेअरिंगच्या सेटिंगमध्ये डाउनलोड, प्रिंट आणि कॉपीचा पर्याय बंद करा. लिंक ‘कुणालाही’ उघडी न ठेवता फक्त त्या माणसाच्या ईमेलला द्या.

फाइलच्या नावात फेरीचा क्रमांक, तारीख आणि वाचकाचं नाव घाला, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ‘वाचनप्रत, अमुक यांच्यासाठी’ अशी ओळ असू द्या. बाहेर फिरणारी फाइल कुणाकडून सुटली हे कळतं, आणि मुळात ती सुटण्याची शक्यता कमी होते.

चोरीची भीती बाळगून वाचकच न शोधणारे लेखकही भेटतात. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखन कागदावर किंवा फाइलमध्ये उतरलं त्या क्षणापासून हक्क तुमचा असतो. नोंदणी ऐच्छिक आहे, पुरावा म्हणून उपयोगी पडते. पाठवलेल्या ईमेल आणि तारखा जपून ठेवा, तेवढं या टप्प्याला पुरे.

*सावधान:* किंडलवर ई-पुस्तक काढून अ‍ॅमेझॉनच्या ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत घालायचा विचार असेल, तर त्या ९० दिवसांच्या मुदतीत डिजिटल प्रत दुसरीकडे उपलब्ध असून चालत नाही. दुरुस्तीसाठी ठरावीक लोकांना ईमेलने प्रत पाठवणं वेगळं. पण कुठेतरी उघडी राहून गेलेली जुनी लिंक अडचणीत आणते. नोंदणीआधी सगळ्या लिंक बंद करा.

टप्पा ५: प्रश्न विचारा, पण मत विचारू नका

‘कशी वाटली?’ या प्रश्नाला आपल्याकडे एकच सभ्य उत्तर आहे. म्हणून वाचकाला मत मागायचं नाही, वाचताना काय झालं ते मागायचं. त्याला चार खुणा शिकवा:

* ग : गोंधळलो, परत मागे जाऊन वाचावं लागलं
* कं : कंटाळा आला, डोळे पुढे सरकले
* वि : विश्वास बसला नाही, ‘असं कसं होईल?’
* आ : आवडलं, थांबून परत वाचलं

खूण केली की झालं, कारण द्यायची सक्ती नाही. शिवाय दर वेळी वाचन थांबवताना प्रकरण आणि पान टिपायचं: ‘ऐरोलीला उघडलं, तुर्भ्याला बंद केलं, प्रकरण ६, पान ९१.’ ही नोंद क्षुल्लक वाटते, पण कथा कुठे सैल पडली हे तिच्यावरूनच कळतं. स्टेशन आलं म्हणून थांबला असेल तर तो रात्री पुन्हा उघडतो. चार दिवस उघडलंच नाही, तर त्या पानात काहीतरी आहे.

पूर्ण वाचून झाल्यावर पाचच प्रश्न पाठवा, जास्त नाही. कोणतं पात्र मेलं असतं तरी तुम्हाला फरक पडला नसता? जादू करण्याची किंमत काय, तुमच्या शब्दांत सांगा. कुठला प्रसंग पुन्हा आठवला? कुठला संवाद खोटा वाटला? शेवट कधी ओळखलात?

संवादाचा प्रश्न आपल्या भाषेत फार काम करतो. राणी सेनापतीला आधी ‘आपण’, मग ‘तुम्ही’ आणि रागात ‘तू’ म्हणते, ते ठरवून केलं असेल तर उत्तम. नकळत झालं असेल तर दुसऱ्या प्रकारचा वाचक ते हमखास पकडतो.

टप्पा ६: वाचन चालू असताना गप्प राहा

वाचकाने मध्येच मेसेज केला, ‘हा म्हातारा नक्की कोण?’ तर उत्तर देऊ नका. ‘प्रश्न पानावर लिहून ठेवा आणि पुढे वाचा’ एवढंच कळवा. तुम्ही समजावलंत की त्याचं कोरं वाचन तिथेच संपतं, आणि पुस्तक विकत घेणाऱ्याजवळ तुम्ही बसलेले नसाल. अर्ध्या मुदतीला एकदा आठवण करा, मुदत संपल्यावर एकदा. त्यानंतर तगादा नको; तो ज्या पानावर अडला आहे तोच त्याचा अभिप्राय.

टप्पा ७: प्रत्यक्ष भेट

लेखी नोंदी हातात आल्यावर, त्या वाचून झाल्यावरच भेटा. प्रत्येकाला स्वतंत्र भेटा. चौघांना एकत्र बसवलं तर जो मोठ्याने बोलतो त्याचंच मत सगळ्यांचं होतं. ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी बोलणं ऐकू येत नाही, तिथे ठरवू नका. सकाळची वेळ, शांत जागा, तासभर.

तुम्ही फक्त विचारायचं: ‘इथे ग केलं आहे, तेव्हा तुम्हाला काय चाललंय असं वाटलं होतं?’ त्याने चुकीचं सांगितलं तरी सुधारू नका, लिहून घ्या. ‘अहो, पण ते पाचव्या प्रकरणात दिलंय’ हे वाक्य ओठांवर आलं की समजा, पाचव्या प्रकरणातलं ते वाक्य कमजोर आहे.

टप्पा ८: नोंदींची जुळवणी

इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून सावकाश. एका तक्त्यात सगळं उतरवा: प्रकरण, पान, वाचक, खूण, त्याचे शब्द, तुमचा निर्णय. मग वाचकाप्रमाणे न लावता पानाप्रमाणे लावा.

एक उदाहरण घेऊ. कथेत नायिका पाण्याला हाक मारून वादळ उठवते. आठव्या प्रकरणातल्या लढाईवर पहिला वाचक लिहितो, ‘लढाई लांबली, निम्मी करा.’ दुसरी लिहिते, ‘शत्रू अजून ताकदवान हवा.’ तिसऱ्याने काहीच लिहिलेलं नाही, पण तिथे तीन दिवस वाचन थांबलं आहे. चौथ्याचा ‘वि’. चार वाचक, चार दिशा. लेखक गोंधळून म्हणतो, लोकांचं एकमत नाही, जाऊ दे. पण जागा एकच आहे! आणि शेवटच्या पाच प्रश्नांत जादूच्या किमतीचं उत्तर चौघांनीही ‘आठवत नाही’ असं दिलंय. वादळ उठवल्यावर तिची एकेक आठवण पुसली जाते, हे तिसऱ्या प्रकरणात अर्ध्या वाक्यात उरकलं होतं. ते वाचकापर्यंत पोहोचलंच नाही, म्हणून लढाईत तिला काही गमवायचं आहे असं कुणाला वाटलं नाही. लढाई निम्मी करून किंवा शत्रू मोठा करून काही होणार नव्हतं. दुरुस्ती तिसऱ्या प्रकरणात आहे: तिथे एक आठवण डोळ्यांदेखत जाताना दाखवायची, मग आठवं प्रकरण आहे तसं उभं राहतं.

वाचक दुखतं कुठे ते बरोबर सांगतो. औषध तो सांगेल तेच असेल असं नाही. जागा घ्या, उपाय स्वतः शोधा.

निर्णय घेताना मी असं वर्गीकरण करते. दोघांनी स्वतंत्रपणे एकाच जागी खूण केली तर तिथे काम करायचंच. ‘ग’ एकट्यानेच दिला असला तरी तपासायचा, कारण गोंधळ ही आवडीनिवडीची बाब नाही. ‘कं’ एकट्याचा असेल तर तो कोणत्या प्रकारचा वाचक आहे ते बघायचं. आणि ‘आ’ जिथे तिघांनी दिलाय त्या परिच्छेदाला दुरुस्तीच्या भरात हात लावायचा नाही. हे शेवटचं कित्येक जण विसरतात आणि चांगलीच पानं घासून सपाट करतात.

*तपासून पाहा:* तक्त्यातला ‘निर्णय’ हा रकाना प्रत्येक ओळीला भरला आहे का? ‘बदल नाही’ हाही निर्णय चालेल, शेजारी एका वाक्यात कारण लिहा.

टप्पा ९: दुरुस्ती, दुसरी फेरी आणि मगच प्रेस

दुरुस्ती वरून खाली करा: आधी जगाचे नियम आणि घटनाक्रम, मग पात्रं, मग प्रसंग, सर्वांत शेवटी वाक्यं आणि शुद्धलेखन. उलट केलंत तर ज्या परिच्छेदाचा ऱ्हस्व-दीर्घ तासभर तपासला तोच उद्या उडवावा लागेल.

आता राखून ठेवलेले चौघं. त्यांना नवी प्रत द्या, त्याच चार खुणा, तेच पाच प्रश्न. पहिल्या फेरीत काय अडलं होतं हे सांगू नका. जुन्या वाचकांना ‘आता बरं झालं का?’ विचारणं निरुपयोगी आहे. ते हो म्हणतील, कारण त्यांना आता उत्तर माहीत आहे. जुन्या जागी नव्या वाचकाची खूण आली नाही तर दुरुस्ती लागू पडली. आली तर फक्त तेवढ्या भागावर पुन्हा काम करा. तिसरी पूर्ण फेरी क्वचितच लागते.

यानंतर मुद्रितशोधन, आणि हे काम वाचकांकडून करून घेऊ नका, पैसे देऊन जाणकाराकडे द्या. मग डीटीपी, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक). आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे मोजायची गरज नाही.

वाचकांना छापील प्रत भेट द्या. ऋणनिर्देशात नाव घालण्याआधी प्रत्येकाला विचारा, काहींना नको असतं. आणि त्या भेटीच्या बदल्यात अ‍ॅमेझॉनवर पाच तारे मागू नका. जवळच्या मित्रांनी आणि घरच्यांनी लिहिलेली, किंवा मोबदल्यात लिहून घेतलेली परीक्षणं त्यांच्या नियमांत बसत नाहीत आणि काढून टाकली जातात.